सुप्याचे खत आणि खिशातील कार्ड

शाळेच्या वार्षिक अंकासाठी शिक्षकांनीही एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची विनंती दरवर्षी येते, आणि दरवर्षी आम्ही मंडळी शिस्त, व्यायाम अथवा वेळेचे मूल्य यांपैकी एखादा सोवळा विषय निवडून आपली सुटका करून घेतो. यंदा मी कर्जाविषयी लिहावयाचे ठरविले आहे. शाळेच्या अंकात पैशाची, त्यातून उधारीची, चर्चा कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु शाळा सोडून गेलेले विद्यार्थी सात-आठ वर्षांनी भेटावयास येतात, तेव्हा त्यांच्या मनात भूमितीची प्रमेये क्वचितच उरलेली असतात. कर्जाचे हप्ते मात्र पुष्कळांच्या मनात घोळत असतात. मी इतिहास व गणित हे दोन विषय शिकवितो, आणि ज्या गोष्टीविषयी मला सांगावयाचे आहे तिचा या दोन्हींशी संबंध आहे.

इतिहासाच्या तासाला दख्खनच्या दंग्यांचा भाग निघाला की मला विशेष उत्साह येतो, कारण ही हकीकत आपल्याच जिल्ह्यातली आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. हे गाव त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडत असे. आज ते बारामती तालुक्यात आहे. भोवतालच्या खेड्यांतून आलेल्या कुणब्यांनी त्या दिवशी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि त्यांच्या हिशोबाच्या वह्या व कर्जाची खते हिसकावून घेऊन त्यांची होळी केली. पुढे हे लोण पुणे व नगर या दोन जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले. नववीच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले, “सर, त्यांनी कागदच का जाळले?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. खवळलेला जमाव सामान्यतः धान्य लुटतो, दागिने पळवितो, डोकी फोडतो. येथेही लुटालूट झाली. पण जेथे सावकाराने खते निमूटपणे स्वाधीन केली, तेथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. अडाणी म्हणून हिणविलेल्या त्या शेतकऱ्यास आपला खरा वैरी त्या पेटीतील कागदात बसला आहे, हे पक्के ठाऊक होते.

त्या कागदात असे काय होते, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडातील गिरण्यांस मिळेनासा झाला, आपल्याकडील कापसाचे भाव भडकले, आणि सावकार शेतकऱ्यास आपण होऊन पैसे देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमिनीची फेरआकारणी करून सारा वाढविला. म्हणजे शेतकऱ्यास पैशाची खरी निकड लागली तेव्हाच सावकाराने हात आखडता घेतला. याच्या जोडीला १८५९ सालचा मुदतीचा कायदा होता. खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असे त्यात ठरले होते. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये, असा त्यामागील उद्देश. पण सावकाराने त्यातूनही वाट काढली. तीन वर्षे भरत आली की तो कुळास बोलावून घेई, मुद्दल व थकलेले व्याज यांची बेरीज करी आणि ती सगळी बेरीज नवे मुद्दल म्हणून नव्या खतावर लिहवी. कुळाच्या पदरात त्या दिवशी एक पैही नव्याने पडत नसे. अंगठा मात्र नवा उठे, आणि व्याजावर व्याज सुरू होई. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने जे कमिशन नेमले त्याच्यासमोर आलेल्या एका प्रकरणात मूळ कर्ज १०० रुपयांचे होते, आणि त्यावर लावलेले व्याज २,००० रुपयांहून अधिक होते!

आता सुप्याचा बाजार सोडून आपल्या खिशाकडे वळू. भारतीय बँकेने काढलेले पहिले क्रेडिट कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे. ते १९८० साली निघाले. त्या काळी ते बड्या लोकांचे लेणे होते. आज लक्ष्मी रोडवरील कापडाच्या दुकानात, रुग्णालयाच्या खिडकीशी आणि घरबसल्या मोबाईलवर, सर्वत्र ते चालते. व नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलास पहिल्या पगाराबरोबरच त्याविषयीचा फोनही येतो. मी कार्डाचा वैरी नाही. माझ्याजवळही एक आहे, आणि त्याची सोय मी मान्य करतो. खरेदीच्या दिवसापासून पैसे भरण्याच्या तारखेपर्यंत साधारणपणे वीस ते पन्नास दिवस पैसे बिनव्याजी वापरावयास मिळतात. अट एवढीच की त्या तारखेस संपूर्ण बाकी चुकती केली पाहिजे. ती मागे ठेवली की ही सवलत सर्वसाधारणपणे बंद पडते, आणि मग नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चालू होते. ही दुसरी गोष्ट दुकानाच्या काउंटरवर कोणी सांगत नाही.

माझ्या लहानपणी रविवार पेठेतील एका वाण्याकडे आमच्या घरची उधारीची वही असे. वडिलांचा पगार किती, तो कोणत्या तारखेस होतो आणि घरात खाणारी तोंडे किती, हे त्या गृहस्थास पाठ होते. एखाद्या महिन्यात तूप नेहमीपेक्षा जास्त गेले तर तो हसत विचारी, “पाहुणे आले होते वाटतं?” त्या प्रश्नात चौकशी होती आणि चिमटाही होता. कार्ड असा चिमटा कधीच काढीत नाही. उलट, खर्च वाढला की ‘मर्यादा वाढवून देऊ काय’ असा गोड निरोप येतो.

माझा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी मजकडे आला. वर्गात गणितात हुशार, स्वभावाने भिडस्त. हिंजवडीतील एका कंपनीत त्याला नोकरी आहे. त्या वेळी हाती पडणारा पगार अठ्ठावीस हजार रुपये होता. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि मग पिशवीतून कागदांची गुंडाळी काढून तो म्हणाला, “सर, जरा एक गणित बघायचं होतं.” ते कागद म्हणजे तीन कार्डांची मासिक हिशोबपत्रके होती. एकावर ५०,००० रुपये, दुसऱ्यावर ३८,०००, तिसऱ्यावर २२,०००. एकूण १,१०,००० रुपयांची बाकी. यात चैनीचा भाग फार नव्हता. एक भारी मोबाईल होता हे खरे. पण आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची अनामत होती, दुचाकीची दुरुस्ती होती, आणि बाकी पुष्कळसे नुसते व्याज होते. “पण मी एकही महिना चुकवलेला नाही, सर,” तो वारंवार सांगत होता. ते अक्षरशः खरे होते. दर महिन्यास पत्रकावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असे, तो तो न चुकता भरीत होता.

ते गणित मी येथे मांडतो. मुलांनी ते स्वतः करून पाहावे. बाकी ५०,००० रुपये. व्याजाचा दर महिन्यास साडेतीन टक्के, म्हणजे १,७५० रुपये. या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३१५ रुपये. दोन्ही मिळून २,०६५ रुपये. किमान रक्कम त्याच्या पत्रकात बाकीच्या पाच टक्के धरलेली होती, म्हणजे २,५०० रुपये. भरलेल्या अडीच हजारांतून कर्ज किती फिटले? ४३५ रुपये! पुढील महिन्यात बाकी थोडी उतरते म्हणून किमान रक्कमही थोडी उतरते, आणि फेडीचा वेग आणखी मंदावतो. एकाही पैशाची नवी खरेदी न करता वर्षभर असे चालविले तर सुमारे २८,६०० रुपये भरून होतात, आणि बाकी ४५,००० रुपयांच्या आसपासच राहते. कर्ज निम्म्यावर यावयास साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तोवर १,४३,००० रुपयांवर रक्कम भरून झालेली असते, आणि तरी २५,००० रुपये देणे उभेच असते.

आता गंमत पाहा. तोच मुलगा उतरत्या किमान रकमेच्या नादी न लागता पहिल्या महिन्याचे २,५०० रुपयेच दरमहा कायम भरीत राहिला, तर सगळे कर्ज चव्वेचाळीस महिन्यांत फिटते. आणि ५,००० रुपये भरू शकला तर चौदा महिन्यांत. पत्रकावर छापलेला लहान आकडा बँकेने दयाबुद्धीने कमी केला आहे, असे पुष्कळांस वाटते; मला तर तो आकडा पाहिला की सावकाराच्या ओसरीवर नव्या खतासाठी पुढे केलेली शाई आठवते. कुळ थकबाकीदार ठरत नाही, सावकाराचेही काही बुडत नाही, आणि मुद्दल जागचे हालत नाही.

त्याच्या कागदांत आणखी एक गोष्ट मला दिसली. दोन महिने त्याने एका कार्डावरून रोख पैसे काढून दुसऱ्या कार्डाची किमान रक्कम भरली होती. कार्डावरून काढलेल्या रोख रकमेस बिनव्याजी मुदत नसते. पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते आणि काढण्याचे शुल्क वेगळे. एका खताने दुसरे खत फेडण्याचा हा प्रकार सुप्याच्या कुणब्यास समजावून सांगावा लागला नसता.

“पण सर, इतकं व्याज घ्यायला कायद्याची काही मनाई नाही का?” असे त्याने विचारले. याचे उत्तर जरा लांब आहे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानीत असत: एका वेळी वसूल करावयाचे थकीत व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्यान्वये न्यायाधीशास नुसत्या खतावर विसंबून न राहता व्यवहार मुळापासून उकलून पाहण्याचा अधिकार मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणेही बंद झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते. बँकांच्या बाबतीत मात्र वारा उलट दिशेने वाहिला. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात कलम २१अ घालण्यात आले, आणि व्याजाचा दर भारी आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयास पुन्हा उकलता येणार नाही, असे ठरले. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या थकबाकीवर वर्षास तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरविली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. मी वकील नाही. तथापि दामदुपटीच्या देशात साडेतीन टक्के मासिक व्याज निर्वेध चालावे, याचे मला नवल वाटल्यावाचून राहत नाही.

तरी ऋणको अगदीच निराधार आहे असे नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ठरविलेले नियम प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावेत. न मागता कार्ड पाठवावयाचे नाही. थकलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावावयाचे नाही. किमान रक्कम अशी असली पाहिजे की ती भरूनही कर्ज वाढत गेले असे होऊ नये. केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि चक्रवाढ व्याज पडेल, असा इशाराही प्रत्येक पत्रकावर छापावयाचा आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या पत्रकावर तो होता. बारीक अक्षरांत, पण होता. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची मागणी केल्यास सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे, नपेक्षा दर दिवसास ५०० रुपये ग्राहकास द्यावयाचे. वसुलीच्या माणसांनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करावयाचा नाही, हेही त्याच वर्षी ऑगस्टात बजावण्यात आले. बँकेने तक्रारीची दाद घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यास पैसे पडत नाहीत.

सुप्याची युक्ती मात्र आज चालावयाची नाही. कागद आता पेटीत नसतो. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली, अशी परंपरा आहे. पण तसा सावकार शतकांतून एखादा निपजतो. आजच्या ऋणकोची नोंद सिबिलसारख्या कंपन्यांकडे असते. ही कंपनी २००० साली स्थापन झाली. तेथे मनुष्याची पत तीनशे ते नऊशे या आकड्यांत मोजतात. थकलेले कर्ज निम्म्या-पाऊण रकमेत मिटवून देण्याची तडजोड बँक पुढे करते तेव्हा पुष्कळांस सुटल्यासारखे वाटते; परंतु ती तडजोड त्या दप्तरात तडजोड म्हणूनच नोंदली जाते, आणि पुढे घरासाठी कर्ज मागावयास गेल्यावर आडवी येते. आपली ही नोंद वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून विनामूल्य मागविता येते. ती एकदा तरी मागवून पाहावी.

असो. माझ्या विद्यार्थ्याची खरी अडचण गणिताची नव्हतीच. त्याने हे सारे घरी लपविले होते. पत्रके मोबाईलवर येत, त्यामुळे पोस्टमनही साक्षीदार नव्हता. त्याचे वडील शहरातील बससेवेतून चालक म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. जन्मात कोणाचे पाच रुपये ठेवले नाहीत असा त्यांचा लौकिक, आणि त्या लौकिकाचीच मुलास धास्ती वाटत होती. मी म्हटले, अण्णांना सांगितल्याशिवाय यातून मार्ग निघणार नाही. तो बराच वेळ बोलला नाही. अखेर “तुम्ही बरोबर याल का?” एवढेच म्हणाला. पुढच्या रविवारी मी गेलो.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. आवाज चढविला नाही. त्यांचा पहिला प्रश्न, “व्याज काय दरानं?” मुलगा म्हणाला, “साडेतीन टक्के.” अण्णांचा चेहरा उजळला. “मग काय फार नाही, आमच्या पतपेढीत बारा असायचं.” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “महिन्याला, अण्णा.” त्यानंतर त्या खोलीत जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. वर्षाचा दर ऐकून वाढलेल्या पिढीस महिन्याचा दर ऐकू येत नाही, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. साडेतीन हा आकडा कोणी सांगितला की आधी त्यास बाराने गुणावे.

अण्णांची ७५,००० रुपयांची मुदत ठेव होती. ती मोडावी असे त्यांनी सुचविले, आणि मुलगा एकदम उभा राहिला. बापाच्या म्हातारपणाच्या पैशास हात लावणार नाही, असे त्याचे म्हणणे. भावना थोर होती. हिशोब मात्र चुकीचा होता. पन्नास हजारांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षास ३,५०० रुपये येतात, आणि तेवढ्याच रकमेच्या थकबाकीवर त्याचे कार्ड वर्षास तेवीस हजारांवर खात होते. एकाच घरातील एका कपाटात पैसे सात टक्क्यांनी निजले आहेत आणि दुसऱ्या खिशातून बेचाळीस टक्क्यांनी गळत आहेत, असे चित्र मी त्यांच्यापुढे वहीवर मांडले. आमच्या शहरात अशी घरे किती असतील कोण जाणे. मुले लाजेपायी बोलत नाहीत आणि वडीलधारे विचारीत नाहीत. ज्या पालकांनी आपल्या कार्डावर मुलासाठी जोडकार्ड घेतले आहे त्यांना तर हे अधिकच लागू. त्या कार्डाचे देणे मूळ कार्डधारकाच्या शिरावर असते.

शेवटी ठरले ते असे. ठेव मोडून ५०,००० आणि २२,००० ही दोन देणी एकदम चुकती करावयाची व ती दोन कार्डे बंद करावयाची. मुलगा आजवर तिन्ही कार्डांची मिळून किमान रक्कम म्हणून जे साडेपाच हजार दरमहा भरीत होता, ते सगळे उरलेल्या ३८,००० वर लावावयाचे. ते देणे फिटण्यास नऊ महिने पुरतात. त्यानंतर तेच साडेपाच हजार अण्णांच्या नावे जमा करीत जावयाचे, ठेव पूर्ववत होईपर्यंत. खर्चात नवी काटकसर काही नाही. पैसा तोच, फक्त त्याची वाट बदलली. अण्णांनी एक अट घातली: दर महिन्याच्या पाच तारखेस मुलाने पत्रक त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावयाचे, बारीक अक्षरांसकट.

ते तिसरे कार्ड नऊ महिन्यांनीच रिकामे झाले. ते त्याने ठेवले आहे, आणि दर महिन्यास संपूर्ण रक्कम भरतो. रेल्वेचे तिकीट, आईची औषधे एवढाच त्याचा उपयोग. अण्णांच्या ठेवीचे दोन हप्ते अद्याप यावयाचे आहेत. प्रत्येक हप्ता आला की अण्णा एका जुन्या वहीत तारीख घालून शाईच्या पेनाने लिहून ठेवतात आणि त्यापुढे मुलाची सही घेतात.